चिमटा नसेल तिथे थांबायचं

दुपारी साडेबारा वाजता बंधाऱ्याजवळच्या चहाच्या दुकानापाशी तीनपैकी दोनच सायकली पोचल्या. पहिली नवऱ्याची, दुसरी तिची. वन्संची सायकल यायची होती.

"ताई कुठाय?" नवऱ्यानं विचारलं. तो केव्हाच येऊन बसला होता. बूट काढलेले, पाय समोरच्या बाकावर.

"येतायत मागून."

"किती मागे?"

"गिरणीपर्यंत तरी दिसत होत्या. बसल्या असतील कुठे बगळे बघत."

तिनं सायकल भिंतीला टेकवली आणि घाम पुसायला खिशातला रुमाल ओढला. रुमालाबरोबर एक पिवळा चिमटा बाहेर आला. कपडे वाळत घालायचा, साधा, प्लॅस्टिकचा. तो तिथे असायला नको होता. हात मात्र तिच्या आधी शहाणा निघाला. त्यानं चिमटा मुठीत घेतला आणि पुन्हा खिशात सोडला. नवरा तेवढ्यात दुकानदाराला तिसरा कप सांगत होता.

चिमट्यांची भानगड अशी होती. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, तिची लाँड्री. दोघंही वर्षभर गिऱ्हाइकांना दिलेले वायदे सांभाळत जगायची आणि वर्षातून एक आठवडा सायकली काढून नदीकाठानं फिरायची. घाई नाही, शर्यत नाही. वाटलं तिथे थांबायचं, दिसेल त्या लॉजवर मुक्काम करायचा. नवरा पुढे, कारण नकाशा त्याच्याकडे आणि पायाला भिंगरी. ती मागे, कारण कुणाच्या अंगणात काय वाळतंय आणि ते कसं पिळलंय हे पाहिल्याशिवाय तिचा पाय पॅडलवर पडत नसे. पहिल्याच वर्षी एका फाट्यावर तो डावीकडे गेला, ती उजवीकडे गेली. संध्याकाळी गाठ पडली ती भांडायलाच. त्यानंतर दोन दिवस दोघं एकाच रस्त्यानं मुकाट सायकली हाकत होती.

पुढच्या वर्षी तिनं निघताना लाँड्रीतले मूठभर चिमटे सोबत घेतले. पुढच्यानं फाट्यावर चिमटा लावायचा, ज्या वाटेनं गेला त्या बाजूला. झुडूप, खांब, कुंपणाची तार, जे हाताशी असेल त्याला. शेवटच्यानं तो काढून घ्यायचा, कारण माल दुकानाचा. आणि फाट्यावर चिमटा नसेल तर हलायचं नाही, तिथेच थांबायचं. पुढचा परत येईल.

"शेठाणी, एवढे नियम घरात पाळले असते ना," नवरा म्हणायचा, "तर शेजाऱ्यांना आपला आवाजच ठाऊक नसता."

शेवटची कायम तीच असायची. फाटा आला, पिवळं काही दिसलं, हात लांब केला, चिमटा खिशात. सायकलवरून उतरावंही लागत नसे. इतक्या वर्षांत ते काम तिच्या डोक्यातून उतरून नुसतं हातात राहिलं होतं.

यंदा वन्सं बरोबर होत्या. नवऱ्याची थोरली बहीण. सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून केलेली, नुकत्याच निवृत्त झालेल्या. अजूनही मनगटावर न बांधता छातीवर पिन लावून घड्याळ अडकवायच्या. आई गेल्यावर या भावाला त्यांनीच वाढवलं होतं, आणि त्या नादात स्वतःचं घर मांडायचं राहून गेलं होतं. हॉस्पिटलनं दिलेली खोली आता महिनाअखेर सोडायची होती. त्यांनी आपल्याकडेच राहायला यावं असं नवऱ्याच्या मनात होतं आणि ते बोलायचं काम त्यानं बायकोच्या गळ्यात घातलं होतं.

"मी म्हटलं तर ती हसेल आणि सोडून देईल. भाऊ आहे, म्हणणारच. तू म्हणालीस तर येईल."

ती हो म्हणाली होती. या फेरीतच बोलते, निवांत असतो आपण, असंही म्हणाली होती. फेरी निम्मी झाली तरी ते वाक्य तिच्या तोंडातून सुटलं नव्हतं.

वन्सं वाईट नव्हत्या. घरी आल्या की कपाटातले टॉवेल काढून पुन्हा घड्या घालायच्या, एवढंच. कोपऱ्याला कोपरा लावून, वर हातानं दाबून. लाँड्रीवालीच्या घरात येऊन तिच्याच टॉवेलांच्या घड्या मोडायच्या म्हणजे काय हे नवऱ्याला कितीही समजावलं तरी कळत नव्हतं. "टॉवेलच आहेत ना?" तो म्हणायचा.

आज सकाळी लॉजच्या खोलीत त्यानं पुन्हा विषय काढला.

"आज तरी बोलणार आहेस का?"

"बोलते हो. उठल्या उठल्या डोक्यावर बसू नका. घर माझंही आहे, मला जरा श्वास घेऊ द्या."

पलीकडे वन्संच्या खोलीत नळ चालू होता. तो नेमका तेव्हाच बंद झाला. लॉजच्या भिंती कागदासारख्या होत्या. दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग नको तितक्या मोठ्या आवाजात हवेबद्दल बोलायला लागली.

नाश्त्याला वन्सं नेहमीसारख्याच होत्या. उकडलेलं अंडं सोलताना सालीचा एक तुकडा इकडचा तिकडे पडला नाही. चहा संपल्यावर म्हणाल्या, "आज तुम्ही दोघं व्हा पुढे. मी शेवटी."

"तू मध्ये राहा गं ताई," नवरा म्हणाला. "कालच्यासारखी."

"मागून कुणी बघत असलं की माझं हँडल डुगडुगतं. आणि चिमटे मी गोळा करते. आमच्या थिएटरचंच काम ते. बोळे मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. आकडा जमेपर्यंत पोट शिवायचं नाही."

"खाताना तरी पोटाचं नको," नवरा म्हणाला.

"तुझं कोण शिवतंय? तू खा."

आणि त्या हसल्या. खऱ्याच हसल्या असाव्यात असं तिला तेव्हा वाटलं होतं.

पहिल्या दोन फाट्यांवर तिनं चिमटा पाहिला आणि मागे वन्सं आहेत हे आठवून तसाच राहू दिला. तिसरा फाटा जुन्या गिरणीच्या पुढे होता. तिथे एक वाट बांधावरून बंधाऱ्याकडे जात होती आणि दुसरी खाली उतरून तराफ्याच्या धक्क्याकडे. तिथे पोचली तेव्हा ती मनात वाक्य जुळवत होती. वन्सं, तुम्ही आमच्याकडेच या. 'आमच्याकडे' म्हणजे पाहुण्यासारखं वाटेल. वन्सं, आता घरीच या. 'आता' कशाला, आधी कुणी अडवलं होतं का? अशी ती शब्द पिळत असताना हातानं आपलं काम करून टाकलं असणार.

चहाच्या दुकानात तिसऱ्या कपावर साय धरली.

"फोन लाव की तिला," नवरा म्हणाला आणि स्वतःच लावला. त्याच्याच सायकलच्या पुढच्या पिशवीत घंटी वाजायला लागली. दोघांनी पिशवीकडे पाहिलं. "खरंच की. गुडघ्यावर आदळतो म्हणून सकाळी तिनंच माझ्याकडे दिला." त्यानं फोन बंद केला. पलीकडची घंटीही थांबली. "चल, बघून येऊ. पंक्चर झालं असेल तर ढकलत येत असेल बिचारी."

तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण गेले तीन दिवस एक वाक्य तोंडात धरून बसायची तिला सवय लागली होती. त्यात आता दुसऱ्याची भर पडली.

दोघं उलटी निघाली. सकाळी याच वाटेवर तिला किती शांत वाटलं होतं. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला गवताची कुरणं, मध्ये बांधावरची सायकलीपुरती पायवाट. आता तीच शांतता तिच्या अंगावर येत होती. पाणी वाहतंय की नाही हेसुद्धा कळत नव्हतं. एक खंड्या काठीवरून उडाला तरी तिचा ब्रेक दाबला गेला. प्रत्येक वळणावर तिला वाटायचं, आता दिसतील, ती राखाडी हॅट, ते ताठ बसणं. वळण सरायचं आणि पुढे पुन्हा नुसती वाट.

फाट्यावर कुणी नव्हतं.

नवरा उतरला. फाट्यावरच्या लाकडी खांबाभोवती एक चक्कर मारून त्यानं एका खाचेवर बोट ठेवलं. "इथे लावला होता मी. या खाचेत, बांधाच्या बाजूला. नाहीये. म्हणजे ताईनं काढला."

तिनं खिशावर हात ठेवला.

"काढला म्हणजे ती इथवर आली आणि बरोबर वाटेला लागली. चिमटा दिसला नसता तर ती इथून हललीच नसती. ताई आहे ती. थांबायचं म्हटलं तर रात्र झाली तरी थांबेल." तो नकाशा नसताना नकाशा वाचल्यासारखा बोलत होता. मग त्याचा आवाज बदलला. "म्हणजे जे काही झालंय ते इथून बंधाऱ्यापर्यंत झालंय. आणि आपण आत्ताच तिथून आलो."

त्यानं सायकल गवतात टाकली आणि बांधावरून नदीकडे बघत, जवळजवळ पळत तो मागे निघाला. थोड्या अंतरावर काठ ढासळला होता. मघाशी दोघंही त्याच्या कडेनं सायकल सांभाळत गेली होती. तिथे तो थांबला, वाकून पाहिलं, आणि बुटांसकट खाली लव्हाळ्यात उतरला. "ताई," त्यानं हाक मारली. मग पुन्हा, हळू, जणू खोलीत झोपलेल्या माणसाला उठवतोय. पाणी त्याच्या गुडघ्याच्या वर आलं होतं. हातांनी तो लव्हाळी बाजूला सारत होता.

"अहो, वर या."

"थांब. इथे काहीतरी राखाडी—"

"दगड आहे तो. वर या. चिमटा माझ्याकडे आहे."

तो वळला. तिनं तो हातात धरून दाखवला. उन्हात फारच पिवळा दिसत होता.

"मी काढला. सवयीनं. त्या मागे आहेत हे लक्षातच राहिलं नाही."

तो वर आला. बुटांतून पाणी गळत होतं. काही वेळ तो तिच्याकडे न बघता चिमट्याकडेच बघत होता.

"कधी कळलं?"

"चहाच्या दुकानात."

"मग?"

"तुम्ही तिसरा कप सांगत होतात."

"आणि मी पाण्यात उतरेपर्यंत तू—" त्यानं वाक्य सोडून दिलं. बूट काढला, उपडा केला, पुन्हा घातला. दुसऱ्या बुटाची नाडी ओढताना त्यानं मान वर न करता विचारलं, "मुद्दाम नाही ना काढलास?"

"नाही."

उत्तर इतक्या झटकन आलं की तिलाच ते दुसऱ्याचं वाटलं. सवयच होती. बारा वर्षांची सवय. पण मग पहिल्या दोन फाट्यांवर हात कसा आवरला होता? हा प्रश्न नवऱ्यानं विचारला नाही. प्रश्न मात्र आता तिच्यासोबत, तिच्याच सायकलवर बसून राहिला.

धक्क्याकडची वाट उताराची होती. खाली नदीवर आडवी तार ताणलेली आणि तारेला धरून एक सपाट तराफा इकडून तिकडे जायचा. नावाडी तराफ्यावरच उलट्या बादलीवर बसला होता.

"सायकलवाल्या बाई? छातीवर घड्याळ होतं त्या?" तो म्हणाला. "गेल्या की पलीकडे."

नवऱ्यानं डोळे मिटले आणि उघडले. "कधी?"

"झाला वेळ. आधी वर त्या खांबापाशी बसल्या होत्या. माझ्या चांगल्या तीन फेऱ्या झाल्या, तरी तिथेच. मला वाटलं, वाट चुकल्यात. खालूनच ओरडून विचारलं. म्हणाल्या, चुकले नाही, थांबायचं ठरलंय."

"मग?"

"मग थांबल्या. नंतर उठल्या आणि सायकल घेऊन खाली आल्या. दोन माणसं पलीकडे गेली का विचारलं. मी म्हटलं, सकाळपासून एक माणूस आणि दोन बकऱ्या. हसल्या."

"म्हणजे आम्ही इकडे आलो नाही हे तिला कळलं होतं," नवरा सावकाश म्हणाला.

"कळलं असणार. मी स्वच्छच सांगितलं. मग विचारतात, पलीकडे काय आहे? म्हटलं, अलीकडे आहे तेच, पण ऊन जरा उशिरापर्यंत राहतं. म्हणाल्या, मग सोडा मला."

"आमच्यासाठी काही निरोप?" तिनं विचारलं.

नावाड्यानं आठवून पाहिलं. "निरोप नाही. माझी दोराची गाठ ढिली आहे म्हणाल्या. ही बघा, नवीन शिकवून गेल्या. एका हातानं मारता येते. माझ्या बापानंही असली पाहिली नव्हती."

तराफा निघाला. मध्यावर आल्यावर ती काठाकडे न बघता त्या गाठीकडे बघत होती. लहानशी, घट्ट, एक धागा वावगा नाही. टॉवेलांची घडी असायची तशी.

"ती कधी नियम मोडत नाही," नवरा पाण्याकडे बघत म्हणाला. "मला लहानपणी रस्ता ओलांडताना सांगायची, माझ्या हाताला धर आणि मी हलेपर्यंत हलू नकोस. एकदा भर उन्हात मला उभं करून औषध आणायला गेली. मी हललो नाही. तिनं आल्यावर पाठ थोपटली. मी म्हटलं, आणि तू आलीच नसतीस तर? म्हणाली, मग कंटाळून घरी गेला असतास, माझ्यासाठी काय जन्मभर उभा राहणार होतास?"

"मी बोलणार होते हो आज," ती म्हणाली.

"माहितीये."

"वाक्य जुळत नव्हतं."

"तेही माहितीये. पण तिनं ते ऐकलं नाही. तिनं जे ऐकलं ते ऐकलं."

पलीकडच्या काठावर खरोखरच तेच सगळं होतं. कुरणं, बांध, वाळुंजीची झाडं. वाट मात्र नदी सोडून जरा आत वळली आणि थोड्याच वेळात तिला फाटा फुटला. डावीकडच्या कुंपणाच्या तारेवर पिवळा चिमटा होता.

"ताईच," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात आज पहिल्यांदा जीव आला. "रस्ता दाखवतेय बघ आपल्याला. बोलणार नाही, पण दाखवणार." त्यानं तो काढायला हात पुढे केला.

"असू द्या," ती म्हणाली.

"शेवटी आपणच आहोत."

"असू द्या तरी. त्या परत आल्या तर?"

त्यानं हात मागे घेतला. दुसरा फाटा एका बागेच्या फाटकापाशी आला. तिथेही चिमटा होता, उजव्या वाटेच्या खांबावर, नीट मध्यावर लावलेला. दोघंही जोरात निघाली. तिला आपला श्वास ऐकू येत होता. आता भेटल्यावर काय म्हणायचं हे तिनं जुळवायचं सोडून दिलं होतं. जे येईल ते येईल. वाकडं आलं तर वाकडं.

तिसरा फाटा मोकळ्यावर होता. एक वाट सरळ डांबरी रस्त्याला लागत होती, दुसरी डावीकडे पुन्हा नदीकडे. फाट्यावर दिशा दाखवणारी पाटी होती आणि तिची अक्षरं उन्हानं उडून गेली होती. नवऱ्यानं पाटीच्या दोन्ही बाजू पाहिल्या, मागची झुडपं चाचपली.

"नाहीये." तो थकून पाटीला टेकला. "चिमटा नसेल तिथे थांबायचं. म्हणजे आता आपण थांबायचं का? येईल ती परत."

"त्यांच्याकडे होतेच दोन," ती म्हणाली. "सकाळच्या दोन फाट्यांवरचे. संपले."

"तिसरा—" तो म्हणाला.

तिसरा तिच्या खिशात होता. थिएटरमध्ये आकडा जमेपर्यंत पोट शिवत नाहीत. वन्संनी त्या खांबापाशी बसून काय काय मोजलं असेल हे तिला आता दिसायला लागलं आणि तिनं ते बघायचं टाळलं.

ऊन अजून होतं, पण सावल्या लांबल्या होत्या. ठरलं ते असं: तो डांबरी रस्त्यानं पुढच्या वस्तीपर्यंत जाणार, ती नदीकडे. कुणालाही काही कळलं तर फोन. नाही कळलं तर दोघांनीही इथेच परत यायचं. निघताना तिनं खिशातला चिमटा काढून पाटीच्या डाव्या कडेला लावला. नवऱ्यानं पाहिलं. मग तो घंटी वाजवून निघून गेला.

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच कुणाच्या मागे नव्हती. पुढे नुसती वाट होती. ती कुणी काय वाळत घातलंय हे न पाहता सायकल मारत होती आणि तरी एका दोरीवर चार टॉवेल असल्याचं तिच्या डोळ्यांनी टिपलंच. वाटेत कुणी भेटलं नाही. मग बांध पुन्हा दिसला आणि बांधाच्या पायथ्याशी ओळीनं तीन घरं. त्यांच्या समोर नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पायऱ्यांना लोखंडी कठडा. कठड्याला वन्संची सायकल.

ती उतरली. आधी पायऱ्यांकडे गेली. खालच्या दोन पायऱ्या ओल्या होत्या, पण त्या पाण्याच्या हेलकाव्यानंही ओल्या झाल्या असत्या. पाण्यात काही नव्हतं. मग ती सायकलपाशी आली. स्टँड लावलेला, हँडलला राखाडी हॅट. मागच्या चाकाला कुलूप घातलेलं आणि किल्ली काढून घेतलेली. कॅरिअरवरची पिशवी नव्हती. हॅट आतून अजून दमट होती की तिच्याच हाताला घाम होता, हे तिला नीट सांगता आलं नसतं.

तिन्ही घरांची दारं बंद होती. मधल्या घराच्या खिडकीत पुठ्ठ्याची पाटी होती, खोली भाड्यानं मिळेल. आत कुठेतरी नळ चालू होता.

फोन खिशातून काढून तिनं नवऱ्याला लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग ती वन्संच्या सायकलजवळ उभी राहिली आणि तिनं त्या सायकलची घंटी वाजवली, एकदा, आणि थोडं थांबून आणखी एकदा.

"वन्सं," ती म्हणाली. हाक म्हणावी इतका आवाज चढला नाही. "घरी चला."

मधल्या घरातला नळ बंद झाला. दार अजून उघडलेलं नव्हतं.